तपासणीच्या बाई आणि मिस्त्रींचा टब

माझी मावशी चिनीमातीच्या कारखान्यात तपासणीला होती आणि काका त्याच कारखान्यात साच्याचे मिस्त्री. काका भांडी ओतायचे, मावशी ती वाजवून बघायची. भांडी म्हणजे काही फुलदाण्या नव्हेत. बेसिनं, संडासाची भांडी, असला सगळा अडीअडचणीचा माल. मावशी लाकडी हातोडीनं टकटक करायची आणि कान द्यायची. भांडं खणखणीत बोललं की खडूनं बरोबरची खूण, बद्द बोललं की फुली. फुलीचा माल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचा. तिथे दोन माणसं घणानं त्याचा चुरा करत बसलेली असायची. त्या शेडला आम्ही फोडखातं म्हणत असू.

मावशीच्या कानाबद्दल मी जे सांगेन त्यातलं निम्मं तुम्ही वजा करणार, म्हणून मी आधीच दुप्पट करून सांगतो. कॅंटीनमधून चहाचा ट्रे चालला की ती पाठमोरी बसून म्हणायची, "कडेच्या कपाला कानाजवळ तडा आहे, तो मला नको, फोरमनला द्या." तिचं लग्न ठरवायला काकांकडची माणसं आली तेव्हा पाणी द्यायच्या निमित्तानं तिनं सगळ्या खुर्च्या बोटानं वाजवून घेतल्या आणि होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली, "तुम्ही त्या खुर्चीवर नका बसू." मुलगी आगाऊ दिसते, असं मनात म्हणत ते तिच्यावरच बसले. पुढची बोलणी त्यांनी जमिनीवरून केली, पण लग्न ठरलं. एकदा तिला पडसं होऊन कान बंद झाले तर कारखान्यानं आठवडाभर माल पाठवणंच थांबवलं. हे शेवटचं मात्र खरं आहे. मी तेव्हा तिथे पॅकिंगला होतो आणि तो आठवडा आम्ही पत्ते खेळून काढला.

आता नवरा ओततो आणि बायको पास करते म्हटल्यावर लोक बोलणारच. म्हणून दोघांनी लग्न झाल्या झाल्याच ठरवून टाकलं होतं की फाटकाच्या आत ओळख दाखवायची नाही. आत ती त्यांना "मिस्त्री" म्हणायची, ते तिला "बाई" म्हणायचे. कॅंटीनमध्ये दोघं दोन टोकांना बसायची. हे इतकं अंगवळणी पडलं की घरी आल्यावरही मोडेना. घरी काका त्या तपासणीच्या बाईबद्दल असं बोलायचे की ती कोणी तिसरीच.

"आज आमच्याकडच्या त्या बाईनं माझी चार बेसिनं फोडखात्यात घातली," चपला काढता काढता काका म्हणायचे.

"कोण बाई?" मावशी भाजी चिरता चिरता विचारायची.

"आहे एक. नाक वर करून चालते."

"तुमच्या मालातच काही असेल."

"मालात काही नाही. तिच्या कानात आहे."

"मग तिच्या नवऱ्याला सांगा."

"तो बिचारा काय बोलणार? त्याला घरी जेवायचं असतं."

मी कित्येकदा समोर बसून हे ऐकलं आहे. दोघांच्याही चेहऱ्यावर रेषसुद्धा हलायची नाही.

तर एका वर्षी मालकांनी प्लॅस्टिकचा आंघोळीचा टब आणला. हलका, गुळगुळीत, एका हातानं उचलावा असा. आमच्याकडे टबखातं होतं, म्हणजे काका आणि त्यांचे साचे. पण मोठा टब अखंड काढणं महाकर्मकठीण. लहान भांडं भट्टीतून सुखरूप येतं, मोठं कुठेतरी रुसतंच. मालक म्हणाले, "मिस्त्री, मोठी भट्टी आता बंद करायची आहे. तिच्या शेवटच्या फेरीत तुमचा एक टब घाला. तपासणीत उतरला तर टबखातं ठेवतो आणि टबापुरती भट्टीही चालू ठेवतो. नाही उतरला तर साचे मोडा आणि तुम्ही फोडखात्यात या. तिथे माणूस हवाच आहे."

काकांनी आयुष्यभर ओतलं होतं. घण त्यांनी कधी हातात धरला नव्हता. शेडमधून फुटण्याचा आवाज आला की ते रेडिओ मोठा करायचे. टब नाही उतरला तर त्या माणसाला तिथे जाऊन बसावं लागणार होतं, आणि तेही मावशीच्या फुलीनं.

त्यांनी टब ओतला, सावकाश वाळवला, झिलई दिली, भट्टीत ठेवला. भट्टी विझल्यावर ती आपली आपण गार होऊ द्यायची असते, तिला कोणी घाई करायची नसते. हे काकांनी दुसऱ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की स्वतःला सांगायचं राहून गेलं. त्यांना धीर निघेना. भट्टीचं दार त्यांनी बोटभर उघडलं, एक डोळा लावून पाहिलं आणि लगेच लावून घेतलं. टब आत छान पांढरा, अखंड बसला होता. पण तेवढ्यात बाहेरचा गार वारा आत शिरून गेला.

इथे मला चिनीमातीचा स्वभाव सांगावा लागेल. लोखंड ओढलं तर लांबतं, शिसं दाबलं तर वाकतं. चिनीमातीला वाकणं माहीतच नाही. ती एक तर जशीच्या तशी राहते नाही तर तुटते, मधलं काही नाही. आणि तुटते ती सगळीकडून एकदम नाही. कुठेतरी केसाएवढी भेग असते, तिचं टोक सुईपेक्षा बारीक असतं, आणि सगळ्या भांड्याचा ताण त्या टोकावर येऊन उभा राहतो. बिस्किटाच्या पुड्याला कडेला खाच असते ना, तिथे धरून ओढलं की पुडा सरळ फाटत जातो. खाच नसली की तोच पुडा दातानं फाडावा लागतो. तसंच हे. भेग लहान असली तर जन्मभर झोपूनही राहते, पण एका लांबीच्या पुढे गेली की तिला कोणी उठवावं लागत नाही, ती आपणच धावते. आमच्या कॅंटीनच्या फरशीत एकदा अशी भेग निघाली, तिच्यापुढे मांजर पळत होतं आणि मांजर हरलं. बरं, मांजर लंगडं होतं, हेही सांगून टाकतो.

टब तपासणीला आला तो आठवड्याचा शेवटचा दिवस होता. फोरमन उभा, काका उभे, मी पुठ्ठे घेऊन उगाचच उभा. मावशीनं काठावर टकटक केलं. खणखणीत. पाठीकडे केलं, खणखणीत. पाणी जायच्या भोकाजवळ एकदाच हलकेच वाजवलं आणि हातोडी तशीच धरून ठेवली.

"काय झालं, बाई?" फोरमननं विचारलं.

"सुट्टीचा भोंगा झाला."

"अजून नाही झाला."

"होईल आता," मावशी म्हणाली, आणि खरंच झाला. तिनं खडू खिशात घातला. "उद्या सुट्टी. परवा पुरतं बघते. तोवर कोणी वाजवायचा नाही."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो.

"त्या बाईनं भोकाजवळ एकच टोला मारला," काका ताटाकडे बघत म्हणाले. "दुसरा का नाही मारला?"

"मला काय ठाऊक?" मावशी म्हणाली. "मी कुठे तिथे असते? पण एखादीला एका टोल्यात ऐकू आलं असेल. आणि दुसरा मारला तर ऐकू आलेलं वाढेल, अशी भीती वाटली असेल."

काकांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तिनं फुली मारायला हवी होती."

"एका टोल्यावर फुली मारत नसेल. नियमानं पुरतं बघावं लागत असेल. नियमाची आहे ना ती?"

"भलतीच."

"मग परवा पुरतं बघेल आणि मारेल."

काका म्हणाले, "मी उद्या जाऊन भेगेत लाख भरतो आणि वरून रंग देतो. कोणाच्या बापाला दिसणार नाही."

"दिसणार नाही," मावशी म्हणाली. "ऐकू येईल. भेग बुजवून काय उपयोग? तिच्या दोन भिंती आत एकमेकींना घासतातच ना, म्हणून तर आवाज बद्द होतो. आणि टोक तसंच पुढे तोंड करून बसलेलं. टबात कोणी गरम पाणी ओतून वर गार सोडलं की संपलं. आंघोळीला बसलेल्या माणसाचं काय व्हायचं ते होईल."

"मग काय करू? तूच सांग."

"मी काय सांगणार? मी घरातलं माणूस. पण आमच्या आईच्या खिडकीची काच तडकत चालली होती, तेव्हा काचवाल्यानं भेगेच्या पुढ्यात एक गोल भोक पाडलं. भेग चालत आली आणि भोकात पडली. गोलाला टोक नसतं, ताणाला उभं राहायला जागाच नाही. भात घेणार का?"

काकांनी भात घेतला नाही. ते उठून अवजारांची पेटी शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. वॉचमन काकांच्या ओळखीचा, त्यानं फाटक उघडलं. हात द्यायला मी बरोबर होतो. काकांनी भोकाभोवती लाल शाई फासली आणि ओल्या फडक्यानं पुसून घेतली. झिलईवरची शाई निघून गेली, भेगेनं प्यायलेली तेवढी राहिली. भोकापासून चढाकडे जाणारी एक लाल रेघ, करंगळीच्या दोन पेरांएवढी. काकांनी तिच्या टोकावर खूण केली. हाताच्या गिरमिटाला तांब्याची नळी लावली, कुरुंदाच्या खरखरीत दगडाची भुकटी आणि पाणी घातलं आणि फिरवायला बसले. चिनीमातीला भोक पाडणं म्हणजे पाडणं नाही, उगाळणं आहे. मी पाणी घालतोय, काका फिरवतायत, मध्येच थांबून हात झटकतायत. शेवटी आरपार झालं. सुरेख गोल भोक, आणि लाल रेघ बरोबर त्याच्यात येऊन संपलेली.

"झालं," काका म्हणाले. "आता गरम पाणी आण. त्या बाईला उद्या जे करायचं ते आपण आजच करू."

भोकांना बोळे लावून आम्ही गरम पाणी ओतलं, थोडं थांबलो, सोडून दिलं आणि वर गार ओतलं. मला तरी काही ऐकू आलं नाही. काकांनी पुन्हा शाई फासून पुसली. भोकाच्या पलीकडे, वरच्या बाजूला, एक नवी लाल रेघ उभी होती. पेरभर.

काका टबाच्या काठावर बसले. फोडखात्याच्या शेडकडे मात्र एकदा बघितलं.

तेवढ्यात मावशी डबा घेऊन आली. दारातच उभी राहिली.

"तपासणीच्या बाईंना सुट्टीच्या दिवशी आत यायची परवानगी नाही," काका म्हणाले. आवाजात काही दम नव्हता.

"त्या कुठे आल्यात? मी नवऱ्याचा डबा घेऊन आले." तिनं डबा ठेवला आणि टबात डोकावली. "शाई जिथे थांबली तिथेच पाडलंत ना भोक?"

"मग कुठे पाडायचं? हवेत?"

"अहो, शाई दाट. तिला जिथवर शिरता आलं तिथवर ती गेली. भेगेचं खरं टोक त्याच्या पुढे असतं, तिथे शाई काय, पाणीसुद्धा शिरत नाही. तुम्ही तिच्या मानेवर भोक पाडलंत. डोकं पुढेच राहिलं."

"हे काल सांगायला काय झालं होतं?"

"काल तुम्ही जेवण टाकून उठलात."

मावशी टबात वाकली. हातोडी नव्हती, तिनं बोटाच्या पेरानं वाजवायला सुरुवात केली, तेही इतकं हळू की मला नुसतं बोट हलताना दिसत होतं. लाल रेघेच्या टोकाशी, मग त्याच्या पुढे, मग आणखी पुढे, मग जरा मागे. प्रत्येक वेळी काका डोळे मिटून घ्यायचे. एका जागी तिनं बोट टेकून ठेवलं.

"इथे ती संपते. इथून पुढे टब आहे."

"नक्की?"

"इथून बोटाची रुंदी आणखी पुढे जा. तिला धाव घ्यायला जागा नको."

काकांनी गिरमिट उचललं. नळी जागेवरून सरकू नये म्हणून मावशीनं ती धरली आणि काकांनी फिरवलं. मी पाणी घालत होतो आणि फाटकाच्या आत या दोघांना पहिल्यांदाच इतक्या जवळ बसलेलं बघत होतो. वॉचमनही येऊन बघून गेला. तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगणार हे आम्हाला माहीत होतं, आणि त्यानं सांगितल्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही हेही.

दुसरं भोक झालं. मग मावशी म्हणाली, "आता मधली भेग कापून काढा. ती राहिली तर घासत राहील, आणि ती बाई ऐकेल. तिला फसवायला जाऊ नका. भेग ठेवायचीच नाही."

काकांनी तारेला कुरुंद लावला, पाणी जायच्या भोकातून घालून वरच्या भोकातून बाहेर काढली आणि दोन टोकं आम्ही दोघांनी धरली. करकरत करकरत ती खालच्या भोकापासून मधल्यापर्यंत, मधल्यापासून वरच्यापर्यंत गेली. मग दोन्ही कडा भरपूर घासून गुळगुळीत केल्या. झालं काय, तर टबाला तीन दाण्यांच्या शेंगेसारखं एक लांबोडकं भोक पडलं. भेग मात्र कुठेच उरली नाही. ती होती तिथे आता हवा होती. काकांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून त्या मापाचं रबरी बूच कापलं आणि बसवून पाहिलं. मग दोघं डबा खायला बसली आणि मला एक घाससुद्धा विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी मालक स्वतः आले. त्यांनी प्लॅस्टिकचा टब शेजारी आणवून ठेवला होता. मावशी आली, केस घट्ट बांधलेले, हातात हातोडी, खिशात खडू. तिनं टबाकडे बघितलं.

"मिस्त्री, हे काय?"

"भोक आहे, बाई. पाणी जायचं."

"नकाशात गोल आहे."

"मोठं केलं. पाणी लवकर जावं म्हणून."

"शेंगेसारखं?"

"मला शेंगा आवडतात."

फोरमन हसायला गेला आणि मालकांकडे बघून गप्प झाला. मावशीनं नियमांचा कागद मागवला आणि सगळ्यांसमोर वाचला. तडा नसावा, झिलई सुटलेली नसावी, पाणी साठून राहू नये, आवाज स्वच्छ असावा. भोकाच्या आकाराबद्दल कोणी काही लिहिलंच नव्हतं. असं भोक कोणाला सुचेल हे लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नसावं.

तिनं वाजवायला सुरुवात केली. काठ, पाठ, तळ. मग भोकाजवळ आली. मला वाटलं, आता हळू वाजवेल. तिनं हात उचलून असा टोला हाणला की मालक एक पाऊल मागे सरले. टब वाजला. देवळातली घंटा वाजावी तसा नाही म्हणत, तेवढं खोटं मलाही बोलवत नाही. पण पॅकिंगच्या खोलीत ठेवलेले आमचे चहाचे पेले त्या आवाजानं किणकिणले, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. तिनं दुसरा टोला भोकाच्या वरच्या टोकाशी मारला, तिसरा त्याच्याही पुढे. काकांना तिचं बोलणं आठवत असणार: इथून पुढे टब आहे. तिची चूक झाली असेल तर ती आता सगळ्यांसमोर स्वतःच टब फोडून दाखवणार होती.

"गरम पाणी," मावशी म्हणाली.

गरम पाणी ओतलं. शेंगेचं बूच घट्ट बसलं होतं. तिनं बराच वेळ जाऊ दिला, सोडायला सांगितलं, आणि लगेच गार ओतायला लावलं. पाण्याचा आवाज थांबेपर्यंत ती डोळे मिटून उभी होती. मग कान काठाला लावला.

"काय म्हणतोय?" मालकांनी विचारलं.

"काही नाही म्हणत. तेच हवं असतं."

तिनं खडू काढला आणि पाठीवर बरोबरची खूण केली, नेहमीपेक्षा जरा मोठी. मालकांनी खुणेकडे बघितलं, प्लॅस्टिकच्या टबाला हातानं टिचकी मारून बघितली. त्यातून ढब असा आवाज आला. "बरं," ते म्हणाले, "टबखातं राहू द्या. मोठी भट्टीही पेटवा. आणि ह्या टबाला नमुना म्हणून नंबर घाला." प्लॅस्टिकचा टब पुढे वॉचमनच्या म्हशीनं पाणी प्यायला वापरला. म्हैस त्यावर कधी खूश दिसली नाही.

काकांनी मग दुसरा टब ओतला. या खेपेला भट्टीकडे पाठ करून बसले, दाराला हात लावला नाही. टब इतका निर्मळ निघाला की कुठे केसभरही डाग नाही, आणि भोक नकाशातल्यासारखं गोल. काकांनी तो स्वतः ढकलत तपासणीला आणला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मावशीनं वाजवला. सगळीकडून खणखणीत. तिनं नमुन्याकडे बघितलं, मग याच्याकडे बघितलं, आणि फुली मारली.

"बाई," काका म्हणाले, "यात भेग आहे?"

"नाही. फार छान ओतलाय."

"मग?"

"नमुन्यात शेंग आहे, मिस्त्री. यात नाही."

काका गेले, गिरमिट आणि तार घेऊन आले, टबाशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "नळी धरायला कोणीतरी द्या."

"भाचेबुवांना सांगा," मावशी म्हणाली. "मी कामावर आहे."